'नॅनो सिल्व्हर' शरीरातल्या पेशींना मारतं का? हे तपासणारी चाचणीच कधी कधी फसते

वास न येणारे मोजे. पाकिटावर लिहिलेलं असतं 'नॅनो सिल्व्हर'. म्हणजे धाग्यांत चांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत आणि ते घामातले जिवाणू मारतात. मग प्रश्न पडतोच: जिवाणूच्या पेशीला मारणारी चांदी माणसाच्या पेशीला सोडते का?

आधी आकार समजून घेऊ. नॅनोकण साधारण 1 ते 100 नॅनोमीटरचे असतात. आपला एक केस ढोबळमानाने 80 हजार नॅनोमीटर जाड असतो. धातू इतका बारीक झाला की त्याचा स्वभाव बदलतो. खडीसाखर आणि पिठीसाखर पाण्यात टाकून बघा, पिठीसाखर आधी विरघळते. तसेच चांदीचे किंवा सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइडचे नॅनोकण झटपट आयन सोडतात. पेशीने असा कण गिळला, तर तो तिच्या आतल्या आम्लधर्मी पिशवीत, म्हणजे लायसोसोममध्ये जातो आणि तिथे आणखी विरघळतो. त्यातून पेशीतल्या प्रथिनांना, डीएनएला इजा होऊ शकते.

'होऊ शकते' आणि 'होते' यातलं अंतर मोजायला एमटीटी ही चाचणी खूप वापरतात. ती 1983 साली टिम मॉसमन यांनी मांडली. छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये पेशी वाढवायच्या, त्यात कमी-जास्त मात्रेत नॅनोकण घालायचे आणि बऱ्याचदा 24 तासांनी एमटीटी हा पिवळा पदार्थ टाकायचा. जिवंत पेशी त्याला जांभळा करतात. रंग जितका गडद, तितक्या पेशी जिवंत.

घोळ इथेच होतो. धातूचे काही कण स्वतःच प्रकाश शोषतात, काही तर पेशींशिवायच एमटीटीला जांभळा करतात. म्हणजे पेशी मेलेल्या, पण यंत्र म्हणतं सगळं ठीक! दुसऱ्या एका चाचणीत फुटलेल्या पेशीतून बाहेर पडणारं एलडीएच हे एन्झाइम मोजतात. पण चांदी त्या एन्झाइमलाच निकामी करू शकते, म्हणजे पुन्हा नुकसान कमी दिसणार.

म्हणून चांगल्या अभ्यासात पेशी न घालता, फक्त कण घेऊनही चाचणी करून बघतात. वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या किमान दोन चाचण्या करतात. दोष कणाचा की आयनांचा, हे कळावं म्हणून नुसतं सिल्व्हर नायट्रेट घालूनही तुलना करतात. मात्रेचंही तसंच. कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, त्यामुळे बाटलीत घातलेली मात्रा आणि पेशीला मिळालेली मात्रा एक नसते. 'नॅनोकणांनी पेशी मारल्या' अशी पोस्ट दिसली, तर मी आधी मात्राच शोधते.

आणि मोज्यांचं काय? अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये बाजारातले मोजे पाण्यात घोळवून बघितले. काहींमधली जवळपास सगळी चांदी मोजक्याच धुण्यांत निघून गेली. म्हणजे पायापेक्षा गटारातल्या पाण्याची, तिथल्या शेवाळाची आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंची काळजी जास्त!

खाण्यातल्या कणांवर मात्र युरोपने निर्णय घेतला आहे. पदार्थ पांढराशुभ्र दिसावा म्हणून वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये, म्हणजे ई171 मध्ये, काही कण नॅनो आकाराचे असतात. त्याने डीएनएला इजा होते असं सिद्ध झालं नव्हतं. होत नाही, असं खात्रीने सांगता येत नव्हतं. तेवढ्यावर 2021 मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तो सुरक्षित मानायला नकार दिला आणि 2022 मध्ये युरोपीय संघाने त्यावर खाद्यपदार्थांत बंदी घातली.