मेसरश्मिटच्या पोटात मर्लिन

१९४०च्या ब्रिटिश-जर्मन हवाई लढाईवरचा ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ हा १९६९चा चित्रपट मी किती वेळा पाहिला, याचा हिशेब घरात कुणी ठेवलेला नाही ते बरंच आहे. अलीकडे मी गोष्ट बघतच नाही. रिमोट हातात धरून बसतो आणि विमानाचं नाक दिसलं की चित्र थांबवतो.

पिवळ्या नाकाचं जर्मन मेसरश्मिट १०९ पडद्यावर आडवं येतं. थांबवा. आता नाकपुड्या बघा, म्हणजे धूर सोडणाऱ्या नळ्यांची रांग. १९४०च्या खऱ्या मेसरश्मिटमध्ये डाइम्लर-बेंझचं इंजिन उलटं बसवलेलं असे, सिलिंडर खाली. म्हणून नळ्याही खालच्या अंगाला. इथे त्या वर आहेत, थेट ब्रिटिश स्पिटफायरसारख्या. हनुवटी सुजलेली. पंखा चार पात्यांचा, खऱ्याचा तीन.

हे विमान स्पेनचं. जर्मनीने परवाना दिला, सांगाडे पाठवले. इंजिनं काही पोचली नाहीत, युद्धात ती जर्मनांनाच पुरेनात. हिस्पानो कंपनीने आधी हिस्पानो-सुइझाचं इंजिन लावून पाहिलं, आणि १९५४मध्ये या जातीचं विमान उडालं ते चक्क ब्रिटिश रोल्स-रॉइस मर्लिनवर. गळा फुगवून घुमणाऱ्या कबुतरावरून त्याचं नाव पडलं ‘बुचोन’. स्पेनच्या हवाई दलाने ती मोडीत काढली आणि थोड्याच काळात चित्रपटासाठी विमानं जमवत फिरणारे माजी ब्रिटिश अधिकारी हॅमिश महाडी तिथे पोचले. महाडी हे आडनाव वाचून कोकण आठवतं, पण गृहस्थ स्कॉटिश! मग पंखांची टोकं चौकोनी झाली, शेपटीला खोटे टेकू लागले. नाकाला मात्र औषध नव्हतं.

जर्मन हाइन्केल बाँबफेकी विमानंही स्पॅनिश बनावटीची, त्यांच्यातही मर्लिनच. स्पिटफायरचं इंजिनही तेच. म्हणजे धावपट्टीवर डोळे मिटून उभं राहिलं असतं, तर शत्रू कुठला आणि मित्र कुठला हे कानाला कळलंच नसतं. याला उसनवारी म्हणावं, तर तिची सुरुवात फार जुनी आहे: १९३५मध्ये मेसरश्मिट १०९चा पहिला नमुना उडाला, तोही रोल्स-रॉइसच्याच केस्ट्रेल इंजिनवर.

ब्रिटिश बाजू तरी अस्सल होती का? स्पिटफायर पोटाकडून दिसेल तिथे थांबवा. १९४०च्या स्पिटफायरच्या एका पंखाखाली रेडिएटरची चौकोनी पेटी आणि दुसऱ्याखाली ऑइल कूलरची बारीक नळी असायची. दोन्हीकडे सारख्या पेट्या दिसल्या, की ते नंतरचं मॉडेल. चित्रपटातली बरीचशी तशीच आहेत. जाणकार यावरून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. उडणारी विमानं मिळणं हेच तेव्हा नवल होतं, आणि आकाशात दाटी झाल्याशिवाय ती लढाई पडद्यावर उभी राहिली नसती.

पण त्या गर्दीत एक स्पिटफायर विमान खरोखर त्या लढाईतलं आहे: पी७३५०. २५ ऑक्टोबर १९४० रोजी मेसरश्मिटांशी झालेल्या झटापटीत ते घायाळ झालं आणि हेस्टिंग्जजवळ कसंबसं उतरलं. युद्धानंतर भंगारात त्याची किंमत आली २५ पौंड. घेणाऱ्या कंपनीला ते मोडवेना. तिने ते हवाई दलाच्या कोलर्न तळावरच्या संग्रहालयाला देऊन टाकलं. १९६८मध्ये चित्रपटासाठी तिथून काढून ते पुन्हा उडतं केलं गेलं. डाव्या पंखावर गोळ्यांच्या भोकांना मारलेली ठिगळं तशीच होती. ती घेऊन ते पुन्हा पिवळ्या नाकांच्या समोर गेलं.