जुन्या फोटोत कुंकू काळं का दिसतं?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एखाद्या स्टुडिओत काढलेला, नऊवारीतल्या गृहिणीचा फोटो नीट पाहा. तिच्या कपाळावरचं कुंकू काळंभोर दिसतं. आता मोबाइलवर काढलेला, कुंकू लावलेल्या कुणाचाही रंगीत फोटो घ्या आणि अ‍ॅपमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’चं बटण दाबा. कुंकू करडं होतं. मग त्यावर तपकिरी छटा चढवा, ओरखडे टाका, कडा काळ्या करा. फोटो जुन्यासारखा सजतो, पण जुना वाटत नाही. त्या काळी फोटो ज्या काचेवर उमटे, तिला लाल रंग दिसतच नव्हता, आणि आपल्या मोबाइलला तो दिसतो.

स्वतःच्या फोटोंना ‘व्हिंटेज’ रूप देण्याची हौस आता घरोघरी आहे. लग्नाआधीचे फोटो, बारसं, आजोबांची पंचाहत्तरी, सगळ्यांवर एकच तपकिरी फिल्टर चढतो. हौस चांगलीच आहे. पण १८६०चा फोटो, १९३०चा फोटो आणि १९७८चा फोटो वेगवेगळ्या रसायनांनी घडले आणि वेगवेगळ्या तऱ्हेने म्हातारे झाले. ती रसायनं थोडी समजून घेतली, तर तोच मोबाइल आणि तेच अ‍ॅप वापरून कितीतरी खरं काम करता येतं.

सुरुवात त्या कुंकवापासून करू. फोटोची जुनी काच किंवा फिल्म म्हणजे जिलेटिनसारख्या चिकट थरात अडकवलेले चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक. प्रकाशाने स्फटिकात बदल घडवायचा तर प्रकाशाच्या कणात पुरेशी ऊर्जा हवी. निळ्या आणि जांभळ्या प्रकाशात ती असते, लाल प्रकाशात नसते. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता येत असे; कागदाला तो दिवा म्हणजे अंधारच. १८७३ साली हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला आढळलं, की स्फटिकांना विशिष्ट रंगद्रव्य लावलं तर ते हिरव्या प्रकाशालाही जागे होतात. त्यातून ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ काचा आल्या. लाल रंग ओळखणाऱ्या ‘पॅनक्रोमॅटिक’ काचा विसाव्या शतकात आल्या आणि सर्रास वापरात यायला त्यांना पुढची काही दशकं लागली.

याचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. डिजिटल फोटोतला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांचा असतो, प्रत्येक आकडा ० ते २५५. रंगीत फोटो कृष्णधवल करण्याचं एक रूढ सूत्र माणसाच्या डोळ्याला धरून बेतलेलं आहे: लालचा २९.९ टक्के, हिरव्याचा ५८.७ टक्के आणि निळ्याचा फक्त ११.४ टक्के वाटा. आता झेंडूचं फूल घ्या, समजा त्याचे आकडे २५०, १७०, २० आहेत. या सूत्राने त्याची उजळता १७७ येते, म्हणजे छान फिकट करडा. जुनी काच मात्र त्यातला निळ्याचाच आकडा पाहणार, फक्त २०. झेंडू जवळजवळ काळा. कुंकवाचे आकडे १८०, २०, ३० धरले तर अ‍ॅप ६९ दाखवतं आणि काच ३०. निळं आकाश, समजा ११०, १६०, २२०, अ‍ॅपमध्ये १५२ होतं, तर काचेवर २२०. जुन्या फोटोंत ढग का दिसत नाहीत, याचं कारण इथे आहे. आकाशच एवढं पांढरं उमटतं की त्यात पांढरे ढग बुडून जातात.

तेव्हा एकोणिसावं शतक हवं असेल तर तपकिरी रंगाच्या आधी हे करा. अ‍ॅपमध्ये कृष्णधवल रूपांतर करताना प्रत्येक रंगाची पट्टी वेगळी सरकवण्याची सोय बहुधा असते. लाल, नारिंगी, पिवळा बराच खाली आणा, हिरवा थोडा खाली, निळा वर. एवढ्यानेच चेहऱ्यावर त्या काळाची छाया येते. आपली त्वचाही सावळी होते, कारण तिच्यातही लाल-पिवळा अंश जास्त. या अडचणीवर त्या काळच्या छायाचित्रकारांनी आपले उपाय काढले होते. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने टचिंग करत. निगेटिव्हमध्ये पेन्सिलीने जिथे गडद केलं तिथे प्रिंट उजळ निघते. अनेक स्टुडिओंत चित्रकारही असत आणि कृष्णधवल प्रिंटवर ते हाताने रंग भरत. लाल नोंदवू न शकणाऱ्या काचेवरून आलेल्या प्रिंटमध्ये कुंकू पुन्हा लाल झालं ते कुंचल्यामुळे.

आता तपकिरी रंगाकडे येऊ. ‘सेपिया’ म्हणजे काळाने पिवळा पडलेला फोटो, असा समज सर्वत्र आहे आणि तो बराचसा चुकीचा आहे. त्यासाठी सुरुवातीच्या काळाकडे जाऊ. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण हे आपल्याकडचे अगदी सुरुवातीचे छायाचित्रकार त्याच पिढीतले. जगभर तेव्हा अल्ब्युमेन कागद रूढ होत होता. लुई देझिरे ब्लांकार-एव्रार या फ्रेंच माणसाने १८५०मध्ये आणलेल्या या कागदावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर असे आणि चांदीचे क्षार त्यातच धरलेले असत. कागद निगेटिव्हखाली दाबून उन्हात ठेवायचा, चित्र आपोआप उमटत जायचं. अशा कागदावर चांदीचे कण अतिशय बारीक तयार होतात, आणि एवढे बारीक कण निळा प्रकाश जास्त शोषतात. म्हणून चित्र पहिल्या दिवसापासूनच तांबूस तपकिरी. सोन्याच्या क्षारात बुडवलं की ते जांभळटाकडे झुकायचं आणि जास्त टिकायचं. वय झाल्यावर जे पिवळं पडतं ते चित्रातले उजळ भाग, कारण अंड्याचा तो पांढरा बलक पिवळा पडतो.

पुढे जिलेटिनचा, डेव्हलपरमध्ये धुवायचा कागद आला. त्यात चांदीचे गुंतलेले धागे तयार होतात आणि चित्र स्वच्छ काळं-करडं निघतं. त्याला तपकिरी करायचं तर मुद्दाम करावं लागे. आधी पोटॅशियम फेरिसायनाइड आणि ब्रोमाइडच्या द्रावणात चित्र जवळजवळ उडवून टाकायचं, म्हणजे चांदीचं पुन्हा सिल्व्हर ब्रोमाइड करायचं. मग सोडियम सल्फाइडमध्ये बुडवायचं, की त्याचं तपकिरी सिल्व्हर सल्फाइड होतं. खोलीभर सडक्या अंड्याचा वास सुटे. तरी लोक हा खटाटोप करत, कारण रंग ऊबदार दिसे आणि सिल्व्हर सल्फाइडवर हवेतल्या वायूंचा परिणाम साध्या चांदीपेक्षा कितीतरी कमी होतो. ज्या रंगाला आपण म्हातारपणाची खूण समजतो, तो फोटो म्हातारा होऊ नये म्हणून केलेला इलाज होता. मला या सगळ्या विषयात सर्वांत लोभस वाटणारी गोष्ट हीच आहे.

खरा ऱ्हास दुसऱ्या ठिकाणी दिसतो. घाईत धुतलेल्या प्रिंटमध्ये हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, उरतं. त्यातलं गंधक वर्षानुवर्षं चांदीला खात राहतं, आणि फोटो डागाडागांनी पिवळा पडतो. दमट हवेत चांदी पृष्ठभागावर सरकून गडद भागांवर आरशासारखी निळसर चमक धरते. प्रिंट तिरपी धरली की ती चमक दिसते. कोणत्याही फिल्टरला ती पडद्यावर आणता येत नाही.

अ‍ॅपमधला साधा सेपिया फिल्टर तीन आकडे ठरावीक गुणकांनी मिसळतो आणि सगळ्या चित्रावर एकसारखा रंग पसरवतो. अल्ब्युमेनचा भास हवा असेल तर उजळ भागांना फिकट पिवळा आणि गडद भागांना जांभळट तपकिरी असा वेगवेगळा रंग द्या. बहुतेक संपादन अ‍ॅपमध्ये ही सोय ‘स्प्लिट टोनिंग’ किंवा ‘कलर ग्रेडिंग’ या नावाने असते.

रंगीत फोटोंचं म्हातारपण आणखी वेगळं. रंगीत प्रिंटमध्ये शेवटी चांदी उरत नाही. निळसर-हिरवा, किरमिजी आणि पिवळा अशा तीन रंगद्रव्यांचे थर उरतात. ही सेंद्रिय द्रव्यं असतात आणि तिन्ही एकाच वेगाने विरत नाहीत. सत्तरच्या दशकातल्या अनेक प्रिंटमध्ये निळसर-हिरवं द्रव्य अल्बमच्या अंधारातही आधी गेलं. त्याचं काम लाल प्रकाश शोषण्याचं. ते कमी झालं की लाल प्रकाश मोकळा सुटतो आणि सगळं लग्न लालसर दिसू लागतं. भिंतीवर उजेडात टांगलेल्या प्रिंटमध्ये उरलेली द्रव्यंही विरतात, म्हणून एकाच लग्नाचा अल्बममधला फोटो आणि तसबिरीतला फोटो रंगाने जुळत नाहीत. याउलट १९३५ साली आलेल्या कोडाक्रोम फिल्मच्या पारदर्शिका अंधारात ठेवल्या तर आजही ताज्या दिसतात. तेव्हा १९५५चा रंगीत फोटो म्हणून काही सजवायचं असेल, तर रंग फिके करण्याची गरजच नाही. गडद, रसरशीत ठेवला तरी तो काळाला धरून होईल.

सत्तरीचा लालसरपणा आणण्याची रीत ‘कर्व्ह’ या साधनात आहे. निळसर-हिरवं द्रव्य जिथे जास्त होतं तिथेच जास्त गेलं, म्हणजे गडद भागांत. म्हणून लाल रेषेचं खालचं टोक थोडं वर उचला, काळ्याचा तपकिरी-लाल होईल. कागदाचा पांढरा भाग पिवळसर करायला निळ्या रेषेचं वरचं टोक खाली दाबा. एवढंच. संपूर्ण चित्रावर नारिंगी पडदा ओढला की फसवणूक लगेच कळते.

काळ्या कडांचंही असंच. आपल्याकडे बडोद्यात तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक ३ कॅमेरा कित्येक घरांत होता. १२० नंबरच्या रोलवर १२ चौकोनी फोटो. साध्या भिंगामुळे मधला भाग स्पष्ट आणि कोपरे किंचित मऊ, किंचित मंद. कलून येणारा प्रकाश कमी पडतो, आणि त्याला नियम आहे: कोनाच्या कोसाइनचा चौथा घात. ३० अंश कलून येणारा प्रकाश मध्याच्या तुलनेत सुमारे ५६ टक्केच भरतो. हा उतार मध्यापासून हळूहळू येतो. अ‍ॅपमधलं काळं वर्तुळ एकदम सुरू होतं, म्हणून ते खोटं दिसतं. ते पुष्कळ पसरट आणि सौम्य ठेवा.

दाण्यांबद्दल थोडक्यात: फिल्मचे दाणे मधल्या करड्या छटांत सर्वांत उठून दिसतात, शुभ्र आणि गडद काळ्या भागांत कमी. मोबाइलचा ‘नॉइज’ अंधाऱ्या भागात गर्दी करतो. अंधारात काढलेल्या फोटोवर दाणे चढवले तर दोन्हींची खिचडी होते, म्हणून आधी नॉइज काढा.

ऑक्टोबर २०१०मध्ये इन्स्टाग्राम आलं आणि हे सगळे गुणदोष एका बोटावर आले. त्याच्या निर्मात्यांपैकी केविन सिस्ट्रॉम यांनी फ्लॉरेन्समध्ये शिकताना होल्गा हा प्लॅस्टिकचा चौकोनी फोटो काढणारा कॅमेरा हाताळला होता. ‘एक्स-प्रो टू’ हा त्यांचा पहिला फिल्टर स्लाइड फिल्म मुद्दाम निगेटिव्हच्या रसायनात धुण्याच्या प्रयोगाची नक्कल करतो. कुणीतरी डार्करूममध्ये केलेली ती मोडतोड आता एक गणिती सारणी झाली आहे.

दोन विनंत्या मात्र कळकळीने कराव्याशा वाटतात. पहिली, जुनं रूप दिलेला फोटो मूळ फाइलवर कधीही जतन करू नका. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्यांपैकी ज्या पायऱ्या फिल्टरने चेपून एक केल्या, त्या परत सुट्या होत नाहीत. कृष्णधवल केलेल्या फोटोतून साडीचा खरा रंग काढता येत नाही. प्रत करा, प्रतीच्या नावातच ‘संपादित’ लिहा आणि मूळ वेगळ्या ठिकाणी ठेवा. अशी नोंद नसलेला फोटो नातेवाइकांच्या ग्रुपमधून दोन-चार वर्षं फिरला, की पणजीचा फोटो म्हणून कुणाच्या तरी घरात भिंतीवर लागेल.

दुसरी विनंती खऱ्या जुन्या फोटोंसाठी. जिलेटिन हे बुरशीचं अन्न आहे आणि हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. मुंबई-कोकणात पावसाळाभर ती त्याहून जास्त असते. तसबिरीच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकट त्याचा मोबाइलने सरळ, सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो घ्या. चिकट पानांच्या अल्बममधून सुटतील तेवढ्या प्रिंट सोडवून कागदी पाकिटांत ठेवा. आणि त्या चेहऱ्यांची नावं सांगू शकणारी वडीलधारी माणसं घरात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून नाव, गाव, साल लिहून घ्या. बॉलपेनने प्रिंटच्या मागे लिहू नका, शाई पुढे उमटते आणि टोकाचा वळ उठतो. पाकिटावर आधी शिसपेन्सिलीने लिहा, मग प्रिंट आत सरकवा.