शिक्षा : दहा वर्षे चर्चला जा!

बालमित्रांनो, वर्गात कचरा केला तर बाई काय सांगतात? "चल, वर्ग झाडून काढ!" ठीकच आहे. पण समजा, कोणी म्हणालं, "चूक केलीस ना? मग दर आठवड्याला देवळात जा, नाहीतर शाळेतून नाव काढतो!" तर? देवळात जाणं काही वाईट नाही. मग ही शिक्षा योग्य म्हणायची का?

अमेरिकेत असंच खरोखर घडलं. ओक्लाहोमा राज्यात डिसेंबर २०११ मध्ये १६ वर्षांच्या एका मुलाने दारू पिऊन गाडी चालवली. गाडी झाडावर आदळली आणि गाडीतला त्याचा मित्र मरण पावला. २०१२ मध्ये न्यायाधीश माईक नॉर्मन यांनी त्याला तुरुंगात न पाठवता काही अटी घातल्या. शाळा पूर्ण कर, वेल्डिंग शिक, वर्षभर नशेची तपासणी करून घे, दारू पिऊन गाडी चालवल्याने काय होतं ते लोकांना सांग. आणि आणखी एक अट : दहा वर्षे चर्चला जा! अटी मोडल्या तर तुरुंग.

मुलगा कबूल झाला. तरीही नागरिकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या 'अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन' या संस्थेने न्यायाधीशांविरुद्ध तक्रार केली. का बरं?

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली पहिली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार सरकारला कोणताही धर्म लोकांवर लादता येत नाही आणि कोणाला आपला धर्म पाळण्यापासून अडवताही येत नाही. न्यायालय हा सरकारचाच एक भाग. मग त्याने 'चर्चला जा' असा हुकूम कसा सोडायचा?

"पण मुलगा स्वतःच हो म्हणाला ना!" असं तुम्ही म्हणाल. मात्र एका बाजूला चर्च आणि दुसऱ्या बाजूला तुरुंग असताना 'हो' म्हणणं, हे मनापासूनचं 'हो' असतं का? १९९६ मध्ये असाच एक खटला शिकागोच्या अपील न्यायालयात आला होता. एका कैद्याला व्यसनमुक्तीच्या सभांना जायची सक्ती होती. त्या सभांत देवावर भर असे. गेला नाही तर जास्त कडक तुरुंगात रवानगी! दुसरा पर्यायच न ठेवता अशी सक्ती करणं घटनेविरुद्ध आहे, असं न्यायालयाने ठरवलं.

आता आपल्या देशाकडे वळूया. २०१९ मध्ये रांचीच्या एका न्यायालयाने एका तरुणीला जामीन देताना कुराणाच्या पाच प्रती वाटण्याची अट घातली. तिने विरोध केला. थोड्याच दिवसांत न्यायालयाने ती अट मागे घेतली.

आपल्या राज्यघटनेचं २५ वं कलम प्रत्येकाला धर्माचं स्वातंत्र्य देतं. २८ वं कलम तर थेट तुमच्या शाळेत येतं! सरकारमान्य शाळेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. पालकहो, मूल लहान असेल तर ही संमती तुमची लागते, हे ध्यानात असू द्या.

मग सुधारण्याची संधी द्यायचीच नाही का? जरूर द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत काही किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षाही आहे. ओक्लाहोमातल्या त्या मुलाला शिकायला लावलं, लोकांसमोर बोलायला लावलं, ते छानच झालं. दारूमुळे मित्र गेला. त्या चुकीशी या अटींचं नातं होतं. न्यायाधीशांचा हेतूही मुलाचं भलं व्हावं हाच असेल. पण चर्चमधली हजेरी मांडता येते, मनातली श्रद्धा कशी मांडणार? आणि आज चर्चची सक्ती चालते म्हटलं, तर उद्या दुसरा न्यायाधीश देवळाची, मशिदीची किंवा विहाराची सक्ती करील. ज्याचा धर्म वेगळा आहे किंवा जो देव मानत नाही, त्याने काय करायचं?

हात जोडायचे ते आपल्या मनाने. भीतीने जोडलेले हात ही प्रार्थना नव्हे, ती नुसती शिक्षा!

तुम्हाला काय वाटतं? तुम्ही न्यायाधीश असता, तर त्या मुलाला कोणत्या अटी घातल्या असत्या? आज रात्री जेवताना आईबाबांशी यावर जरूर बोला.