काँक्रीटचे कवच

दुर्गमध्ये पावसाळा सुरू झाला की सरकारी कचेऱ्यांतून गळक्या छतांच्या तक्रारी येऊ लागतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका कचेरीत छताचा वीतभर पोपडा एका कारकुनाच्या मेजावर पडला. दैवयोगाने तो जेवणास गेला होता. आदल्याच वर्षी छतावरील तांबूस डागांवर रंग देण्यात आला होता आणि त्या खर्चाची मंजुरी माझीच होती. काँक्रीटच्या प्रकृतीची विचारपूस मी त्या दिवसापासून आरंभिली.

काँक्रीट म्हणजे माणसाने घडविलेला पाषाण, अशी आपली समजूत असते. वास्तविक ते सच्छिद्र असते. मिश्रणात पाणी अधिक पडले, किंवा पुढे त्यावर पुरेसे दिवस पाणी मारले नाही, तर ही सूक्ष्म छिद्रे वाढतात. सिमेंट घट्ट होताना चुना निर्माण होतो. त्याच्या क्षारधर्मामुळे आतील सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा धरतो आणि तो असेतो लोखंड गंजत नाही. परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइड छिद्रांवाटे शिरून हा क्षारधर्म हळूहळू नाहीसा करतो. हा पालट सळईपर्यंत पोहोचला म्हणजे ओल आणि प्राणवायू यांना रान मोकळे होते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फुटते.

समुद्रकाठी मिठातील क्लोराइड हेच काम अधिक त्वरेने करते. पणजी येथील मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा त्यास दोन दशकेही झाली नव्हती. त्याच्या आतील ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या.

यावर उपाय म्हणजे ओलीची वाट रोखणे. सिलेनसारखे द्रव काँक्रीटमध्ये मुरतात. मग अळवाच्या पानावर पाणी ठरू नये तसे ते छिद्रांत ठरत नाही, आणि आतील वाफ मात्र बाहेर पडू शकते. भिंतींना व खांबांना हा प्रकार मानवतो. साचलेल्या पाण्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. म्हणून गच्चीला आधी योग्य उतार द्यावा आणि मग पृष्ठभागावर अखंड थर धरणारा लेप लावावा. उन्हापावसाने तोही झिजतो आणि काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो.

मात्र लेप हे औषध नव्हे, पथ्य आहे. सळई गंजू लागल्यावर वरून लेप देणे म्हणजे जखमेत पू असता पट्टी बांधणे होय. तेथे सैल काँक्रीट काढून, सळई लखलखीत घासून, नवा भराव घातल्यावरच लेपाचा उपयोग होतो.

हल्ली छत रंगविण्याचा प्रस्ताव आला म्हणजे मी प्रथम मिस्त्रीस हातोडी देऊन वर चढवितो. डागाभोवती ठोकून पाहता आवाज पोकळ आला, तर रंगाचा कागद तसाच परत जातो.