टीव्ही घ्यायचाय? आधी टेप घ्या, मग दुकानात जा



मागच्या पालकसभेनंतर सातवीतल्या एका मुलीची आई माझ्याजवळ थांबली. म्हणाली, "बाई, बचत गटातून पैसे उचललेत. पोरीच्या अभ्यासासाठी टीव्ही घ्यायचाय. दुकानदार म्हणतो एचडी घ्या, दीर म्हणतात फोर-के घ्या. तुम्हीच सांगा, कोणता घेऊ?"

मी तिलाच उलट विचारलं, "ताई, टीव्ही कुठे ठेवणार? पोरगी कुठे बसणार? मधे किती फूट अंतर आहे?" ती गोंधळली. अंतर मोजायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला कशाला नावं ठेवू? माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

आमच्या घरी मी ३२ इंची टीव्ही आणला तेव्हा "साधा एचडी नको, फुल एचडीच हवा" म्हणून जास्तीचे पैसे मोजले. हॉलच्या एका भिंतीला टीव्ही टांगला, समोरच्या भिंतीला सोफा. मधे ११ फूट. मालिका, क्रिकेट सगळं छान दिसायचं. पण मुलीला अपूर्णांकांचा व्हिडिओ लावून दिला, तर दहा मिनिटांत ती मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसली. "आई, खालचा आकडा दिसतच नाही गं." छेद दिसत नसेल तर अपूर्णांक शिकणार कसे? चूक टीव्हीची नव्हती. चूक माझ्या हिशोबाची होती. तो हिशोब आज आपण नीट करू. सातवी-आठवीच्या गणिताच्या पलीकडे यात काहीही नाही.

१. "इंच" म्हणजे नेमकं काय?

टीव्हीचा आकार म्हणजे रुंदी नव्हे, तर पडद्याचा कर्ण. एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतची लांबी. आजच्या टीव्हीच्या रुंदी-उंचीचं प्रमाण १६:९ असतं. म्हणजे पायथागोरसचं प्रमेय लावायचं. १६ चा वर्ग २५६, ९ चा वर्ग ८१, बेरीज ३३७, त्याचं वर्गमूळ सुमारे १८.३६. यावरून रुंदी = कर्ण × ०.८७ आणि उंची = कर्ण × ०.४९. एक इंच म्हणजे २.५४ सेंमी. आता पाहा:

- ३२ इंच: रुंदी सुमारे ७१ सेंमी, उंची ४० सेंमी
- ४३ इंच: रुंदी सुमारे ९५ सेंमी, उंची ५३ सेंमी
- ५५ इंच: रुंदी सुमारे १२२ सेंमी, उंची ६८ सेंमी

३२ वरून ४३ वर गेलं की आकडा ११ नेच वाढतो, पण पडद्याचं क्षेत्रफळ जवळजवळ १.८ पट होतं. कारण क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वर्गात हे उदाहरण जरूर घ्या, मुलांना पटकन पटतं.

घरी याहून सोपा उपाय आहे. जुनी वर्तमानपत्रं त्या मापाची कापून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. टीव्ही केवढा दिसेल, कपाटाचं दार अडेल का, खिडकीचा उजेड त्यावर पडेल का, सगळं एकही पैसा न घालवता कळतं.

२. एचडी, फुल एचडी, फोर-के: फरक मोजून बघू

पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. त्यांना पिक्सेल म्हणतात. रांगोळीच्या कागदावरचे ठिपके आठवा. तेवढ्याच जागेत ठिपके जास्त, तर नक्षी जास्त बारीक काढता येते.

- एचडी रेडी: बहुतेक ३२ इंची टीव्हींत १३६६ × ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख पिक्सेल
- फुल एचडी: १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार
- फोर-के: ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. बरोबर फुल एचडीच्या चौपट

इथे दुकानातली एक गंमत लक्षात ठेवा. खोक्यावर मोठ्या अक्षरात "एचडी" लिहिलेलं असतं, पण ते एचडी रेडी आहे की फुल एचडी हे बारीक अक्षरात असतं. तसंच "फोर-के सपोर्ट" याचा अर्थ पडदा फोर-के आहे असा होत नाही. काही टीव्ही फोर-के चित्र घेतात, पण दाखवतात कमी पिक्सेलमध्येच. म्हणून शब्द वाचू नका, आकडे वाचा. "पॅनेल रिझोल्यूशन किती?" एवढंच विचारा आणि खोक्यावर दाखवायला सांगा.

३. डोळ्याला किती कळतं?

आता मुख्य मुद्दा. पिक्सेल कितीही वाढवले तरी आपल्या डोळ्याला मर्यादा आहे. चांगली नजर असलेल्या माणसाला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक ओळखता येतो. याचं सोपं सूत्र असं: एका पिक्सेलची रुंदी × सुमारे ३४०० = ज्या अंतरापलीकडे ठिपके वेगळे दिसत नाहीत ते अंतर.

३२ इंची एचडी रेडीची रुंदी ७०८ मिमी आणि त्या रुंदीत पिक्सेल १३६६. म्हणजे एक पिक्सेल ०.५२ मिमीचा. त्याला ३४०० ने गुणा, येतात सुमारे १७७० मिमी, म्हणजे जवळपास ६ फूट. याच रीतीने बाकीचे काढले तर:

- ३२ इंच फुल एचडी: सुमारे ४ फूट
- ४३ इंच फुल एचडी: सुमारे साडेपाच फूट
- ४३ इंच फोर-के: ३ फुटांहून कमी
- ५५ इंच फुल एचडी: सुमारे ७ फूट
- ५५ इंच फोर-के: सुमारे साडेतीन फूट

याचा अर्थ काय? ३२ इंची टीव्ही ६ फुटांपेक्षा लांब असेल, तर एचडी रेडी आणि फुल एचडी यांतला पिक्सेलचा फरक दिसणारच नाही. माझा टीव्ही होता ११ फुटांवर! जास्तीचे पैसे जे दिसतच नाही त्याच्यासाठी गेले. तसंच ४३ इंची टीव्ही आठ फुटांवरून बघणार असाल, तर फोर-केचे जादा पिक्सेल डोळ्यापर्यंत पोचत नाहीत. (आजकाल मोठ्या आकारात फोर-केच जास्त मिळतात. किंमत तीच असेल तर खुशाल घ्या, फक्त त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.)

४. मग अक्षर का दिसत नाही?

कारण पडदा अंतराच्या मानाने लहान असतो. १० फुटांवरचा ३२ इंची टीव्ही डोळ्याला केवढा दिसतो माहीत आहे? आडवा धरलेला मोबाईल दोन फूट लांब ठेवल्यावर दिसतो, तेवढाच. त्यावर छेद आणि दशांशचिन्ह शोधायला लावलं, तर मूल मोबाईलच उचलणार ना!

म्हणून हा अंदाज वापरा. बसण्याचं अंतर इंचांत मोजा. टीव्ही मुख्यतः अभ्यासासाठी असेल तर त्याला २ ने भागा, मालिका-सिनेमासाठी असेल तर अडीचने. जे उत्तर येईल त्याच्या आसपासचा आकार घ्या. उदाहरणार्थ, ८ फूट म्हणजे ९६ इंच. २ ने भागले तर ४८, अडीचने भागले तर ३८. म्हणजे ४३ इंची टीव्ही दोन्हींच्या मधला. हा काही कायदा नाही, पण दुकानदाराच्या "मोठाच घ्या" पेक्षा बरा आहे.

आणि पैसे कमी असतील तर? मग आकार वाढवण्याऐवजी अंतर कमी करा. आमच्याकडे शेवटी तेच केलं. अभ्यासाच्या वेळी मुलीची खुर्ची साडेपाच फुटांवर ओढली. छेद दिसायला लागला, आणि फुल एचडीचे पैसेही वसूल झाले. एवढ्या जवळून बघणं डोळ्यांना बरं का, असं पालक विचारतात. फुटाभरावर धरलेल्या मोबाईलपेक्षा डोळ्यांवर ताण कमीच पडतो. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट लांबचं काहीतरी बघायला लावा. आणि आकार-अंतर बरोबर असूनही मूल पुढे पुढे सरकत असेल, किंवा डोळे बारीक करून बघत असेल, तर टीव्ही बदलू नका, आधी डोळे तपासून घ्या. शिक्षकांनो, फळ्याच्या बाबतीतही हेच.

५. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

टीव्ही कितीही भारी असला, तरी त्यात येणारं चित्र कसं आहे यावर सगळं अवलंबून. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एसडी चॅनेलच्या चित्रात आडव्या ओळी ५७६ असतात. ते चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं की उलट जास्त धूसर दिसतं. फ्री डिशवरचे बहुतेक चॅनेल एसडी आहेत. पीएम ई-विद्याचे इयत्तावार शैक्षणिक चॅनेल तिथे मोफत मिळतात, ही मोठी सोय आहे. पण त्यासाठी फोर-के घेण्यात अर्थ नाही. डीटीएच असेल तर बॉक्सही एचडी हवा आणि चॅनेलही एचडीच घ्यावे लागतात.

इंटरनेटवरून बघणार असाल तर डेटाचा हिशोब करा. फुल एचडीला साधारण ५ एमबीपीएस वेग लागतो असं धरलं, तर तासाला सव्वादोन जीबी. फोर-केला १५ एमबीपीएस धरले, तर तासाला पावणेसात जीबी. मोबाईलचा रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक किती वेळ पुरेल, तुम्हीच बघा. अभ्यासाचं साहित्य आधी उतरवून घेतलं आणि पेनड्राईव्हवरून लावलं तर नेटची कटकटच नाही.

६. दुकानात काय तपासायचं?

- दुकानातल्या डेमो व्हिडिओवर जाऊ नका. फुलं, मासे, डोंगर कुठल्याही टीव्हीवर छानच दिसतात. पाठ्यपुस्तकाच्या पानाचा फोटो आणि एखादा पाठाचा व्हिडिओ पेनड्राईव्हवर न्या, तो लावायला सांगा आणि घरी मोजलेल्या अंतरावर उभं राहून वाचा.
- बाजूला जाऊन बघा. घरात सगळेच समोर बसत नाहीत. काही पडद्यांचे रंग बाजूने फिके पडतात.
- एलईडी म्हणजे मागून एलईडीचा प्रकाश दिलेला एलसीडी पडदाच. क्यूएलईडीसुद्धा त्याचाच सुधारलेला प्रकार. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो. चित्र सुंदर, पण महाग. अभ्यासासाठी त्याची गरज नाही.
- एचडीएमआयची किमान दोन आणि यूएसबीचं एक तरी तोंड हवं. सेट-टॉप बॉक्सला एक, लॅपटॉपला एक.
- लॅपटॉप जोडल्यावर कडेची अक्षरं कापली गेली तर घाबरू नका. पिक्चर साईझमध्ये "जस्ट स्कॅन" किंवा "स्क्रीन फिट" असा पर्याय असतो, तो निवडा.
- विजेचा खर्च बघा. ८० वॉटचा टीव्ही रोज ४ तास चालला तर महिन्याला साधारण साडेनऊ युनिट. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, दोन टीव्हींची तुलना त्यावरून करा.
- पक्कं बिल, त्यावर सिरीयल नंबर आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड घ्या. धक्क्याने फुटलेला पडदा सहसा वॉरंटीत बसत नाही, म्हणून घरी नेताना टीव्ही आडवा झोपवू नका, उभाच न्या.

शेवटी त्या ताईंचं सांगते. दोन दिवसांनी त्या माप घेऊन आल्या. खोली दहा बाय दहाची, मुलगी सतरंजीवर बसते, अंतर ७ फूट. २ ने भागून ४२ इंच येतात, म्हणजे खरं तर ४३ चा टीव्ही हवा. पण तेवढं बजेट नव्हतं. मी म्हटलं, "ताई, सतरंजी फूटभर पुढे घ्या. ६ फुटांवर ३२ इंची एचडी रेडी तुमच्या पोरीला पुरेल. फुल एचडीला जादा पैसे देऊ नका. आणि भिंतीवर उंच टांगू नका. पोरगी खाली बसते, तर टीव्ही ट्रंकेवर ठेवा, नजरेसमोर येईल."

त्या जरा वेळ बोटांवर हिशोब करत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बाई, गटाचे सगळे पैसे लागणारच नाहीत. दोन हप्ते वाचले."

तेव्हा पालकहो, आज संध्याकाळी मुलांच्या हातात टेप द्या आणि घरातलं अंतर त्यांनाच मोजायला सांगा. भागाकारही त्यांनाच करू द्या.