टेस्टोस्टेरॉनच्या चाचणीतील आकड्याचा अर्थ

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांच्या वृषणांतील लायडिग पेशींमध्ये, तसेच बरेच कमी प्रमाणात स्त्रियांच्या बीजांडकोशांत आणि अधिवृक्क ग्रंथींत तयार होणारे संप्रेरक आहे. संप्रेरक म्हणजे रक्तावाटे दूरच्या अवयवांपर्यंत पोहोचून त्यांच्या कार्याचे नियमन करणारे द्रव्य. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅम येथील एर्न्स्ट लाकर यांच्या प्रयोगशाळेत बैलांच्या वृषणांपासून ते शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले आणि त्याच वर्षी ते कृत्रिमरीत्याही तयार झाले. दाढीमिशा, भारदस्त आवाज आणि कामेच्छा यांच्याशी त्याचे नाव जोडले जाते. परंतु हाडांची घनता, स्नायूंचे बळ आणि तांबड्या पेशींची निर्मिती यांवरही त्याचा प्रभाव असतो. ते कमी पडल्याचा संशय आला की रक्तचाचणी केली जाते, मात्र अहवालात छापलेला आकडा स्वतःपुरता फारसे काही सांगत नाही.

हा आकडा बहुधा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तद्रवात ग्रॅमचे किती अब्जांश आहेत, अशा एककात दिला जातो. काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा नॅनोमोल प्रति लिटर ही एकके वापरतात, त्यामुळे ३००, ३ आणि १०.४ हे तीन वेगळे दिसणारे आकडे प्रत्यक्षात एकच प्रमाण दर्शवतात. १९ ते ३९ वर्षे वयाच्या, स्थूल नसलेल्या निरोगी पुरुषांसाठी २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर हा संदर्भपट्टा सुचवण्यात आला आहे, तर अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने ३०० ही सीमारेषा मानली आहे. संदर्भपट्टा हा निरोगी व्यक्तींच्या मोजमापांतील दोन्ही टोकांचे प्रत्येकी अडीच टक्के वगळून ठरवलेला असतो. म्हणूनच त्याबाहेर पडलेला प्रत्येक माणूस आजारी ठरत नाही आणि आत असलेला प्रत्येक जण निरोगी असतोच असेही नाही.

नमुना केव्हा घेतला, यावरही आकडा अवलंबून असतो. टेस्टोस्टेरॉन पहाटेपासून सकाळपर्यंत सर्वाधिक असते आणि संध्याकाळपर्यंत, विशेषतः तरुणांमध्ये, लक्षणीय प्रमाणात उतरते. खाण्यानंतर, विशेषतः ग्लुकोज पोटात गेल्यावर, ते काही काळ घटते आणि ताप, शस्त्रक्रिया किंवा अपुरी झोप यांनीही खाली येते. म्हणून रक्त सकाळी उपाशीपोटी द्यावे आणि प्रमाण कमी आढळल्यास वेगळ्या दिवशी चाचणी पुन्हा करून खात्री करावी, अशी शिफारस आहे. अनेक प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या प्रतिपिंडाधारित चाचण्यांत, केस व नखे यांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे चुकीचा आकडा येऊ शकतो, ही गोष्ट रक्त देण्यापूर्वी सांगणे आवश्यक असते. स्त्रिया आणि बालके यांच्यातील प्रमाण फारच थोडे असल्याने त्यांच्यासाठी रेणूंच्या वस्तुमानावरून मोजणी करणारी मास स्पेक्ट्रोमेट्री ही पद्धत अधिक विश्वसनीय मानली जाते.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न मोजले जाणारे टेस्टोस्टेरॉन कोणत्या स्वरूपातले, हा आहे. रक्तातील बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना बांधलेले असते. त्यातील बराच भाग यकृतात तयार होणाऱ्या एसएचबीजी या प्रथिनाला घट्ट, तर उरलेला अल्ब्युमिनला सैल चिकटलेला असतो, आणि सुमारे २ टक्केच मुक्त राहतो. नेहमीच्या चाचणीत या सर्वांची बेरीज, म्हणजे एकूण टेस्टोस्टेरॉन मोजले जाते. स्थूलपणा आणि टाइप २ मधुमेह यांत एसएचबीजी घटत असल्याने एकूण आकडा खाली दिसतो, तरी मुक्त भाग पुरेसा असू शकतो. उलट वय वाढताना किंवा थायरॉइडचा स्राव अतिरिक्त असताना एसएचबीजी वाढते आणि एकूण आकडा समाधानकारक दिसूनही मुक्त भाग अपुरा असण्याची शक्यता राहते. अशा वेळी एसएचबीजी आणि अल्ब्युमिन मोजून मुक्त टेस्टोस्टेरॉनचे गणित मांडले जाते.

प्रमाण खरोखरच कमी ठरले, तर बिघाड कोठे आहे याचा शोध एलएच या संप्रेरकावरून लागतो. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एलएच स्रवून वृषणांना निर्मितीची आज्ञा देते आणि रक्तात पुरेसे टेस्टोस्टेरॉन दिसताच तो स्राव आखडता घेते. टेस्टोस्टेरॉन कमी असून एलएच वाढलेले असेल, तर आज्ञा पोहोचूनही वृषणे ती पार पाडू शकत नाहीत, असे क्लाइनफेल्टर या गुणसूत्रीय विकारात किंवा गालगुंडामुळे वृषणांना इजा झाल्यावर घडते. दोन्ही कमी असतील, तर दोष पियुषिकेकडे किंवा तिच्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाकडे असतो आणि त्यामागे गाठ, प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे वाढलेले प्रमाण, स्थूलपणा अथवा अफूवर्गीय वेदनाशामके असू शकतात. स्त्रियांच्या बाबतीत चिंता बहुधा वाढलेल्या प्रमाणाची असते: पीसीओएस या बीजांडकोशांशी निगडित विकारात ते बेताने वाढते, परंतु आवाज झपाट्याने जाड होऊ लागला आणि आकडा फारच चढला, तर बीजांडकोश किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ आहे का, हे पाहावे लागते.

याच नियमन-साखळीमुळे केवळ आकडा पाहून टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन किंवा जेल सुरू करणे धोक्याचे ठरते. बाहेरून आलेले संप्रेरक पाहून पियुषिका एलएच आणि शुक्रजंतूंच्या निर्मितीला आवश्यक असलेले एफएसएच थांबवते, वृषणांच्या आतील टेस्टोस्टेरॉन ओसरते आणि शुक्रजंतूंची संख्या घटते, कधी शून्यावरही येते. अपत्याची इच्छा असलेल्या पुरुषाच्या पुढच्या अहवालात आकडा सुधारलेला दिसतो, पण ज्या अवयवाच्या कार्यासाठी चाचणी झाली होती, तो अवयव त्या वेळी निष्क्रिय झालेला असतो.