साठ लाख पावलं आणि एक राजवाडा

म्हैसूरचा राजवाडा सकाळी दहाला उघडतो आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतो. साडेसात तास, म्हणजे ४५० मिनिटं. वर्षाला इथे तीस लाखांच्या आसपास माणसं येतात. भागाकार केला तर दिवसाला ८,२००, मिनिटाला १८, आणि दर सव्वातीन सेकंदांना एक माणूस आत पाऊल टाकतो. ही झाली सरासरी. दसऱ्यात, नाताळच्या सुट्टीत आणि मे महिन्यात ती कुठल्या कुठे वाहून जाते.

आत शिरण्याआधी पायातलं काढून ठेवावं लागतं. एका जोडाला २० सेंटिमीटर जागा धरली आणि वर्षभराचे सगळे जोड एकाला एक लावून मांडले, तर रांग ६०० किलोमीटरची होते. म्हैसूरहून निघालेली ही रांग बेळगाव गाठेल. त्या रांगेत आपले मराठी जोड भरपूर असतील, कारण बंगळूर, म्हैसूर, उटी ही सहल महाराष्ट्रातल्या घराघरांत झालेली असते. दिवाळीच्या सुट्टीत राजवाड्याच्या आवारात उभं राहिलं की मराठी हाका कानडीइतक्याच ऐकू येतात.

ही इमारत इतक्या लोकांसाठी बांधलेली नव्हती. १८९७ साली राजकन्येच्या लग्नाच्या धामधुमीत जुना लाकडी वाडा जळाला. मग हेन्री आयर्विन या वास्तुतज्ज्ञाकडून नवा आराखडा करून घेतला गेला आणि १९१२ मध्ये, त्या काळचे ४१ लाखांहून जास्त रुपये खर्चून, आज दिसतो तो राजवाडा पुरा झाला. एक राजघराणं, त्यांचे पाहुणे आणि दरबारी मंडळी, एवढ्यांचा विचार करून. लग्नसमारंभांसाठी केलेल्या कल्याण मंटपाचे ओतीव लोखंडाचे खांब आणि वरच्या मोरांच्या रंगीत काचा स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून आणलेल्या आहेत.

त्या खांबाला हात लावावासा वाटतो. मलाही वाटतो. त्या मोरपंखी रंगाशी उभं राहिलं की बोटं आपोआप पुढे होतात. आता एक हिशोब करू. एका स्पर्शात घाम आणि तेल मिळून एक मिलिग्रॅम मागे राहतं असं धरू, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही इतकं. प्रत्येक पाहुण्याने एकदाच हात लावला, तर वर्षाला तीन किलो. ज्याने हात लावला त्याच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. खांबाच्या दृष्टीने मात्र वर्षाकाठी तीन किलो घाम अंगावर चढला आहे.

श्वासाचंही तसंच. शांतपणे चालणारा माणूस श्वासातून आणि कातडीतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. तीस लाख माणसं आत तासभर फिरली तर वर्षाला एक लाख वीस हजार लिटर होतं, दहा हजार लिटरचे बारा टँकर. अजिंठ्याला हे फार आधी कळलं. चित्रं असलेल्या मुख्य लेण्यांत एका वेळी ४० माणसं आणि १५ मिनिटं, असा तिथे पुरातत्त्व खात्याचा नियम आहे. त्या हिशोबाने एका लेण्यात दिवसभरात साडेतेराशेच्या आसपास माणसं मावतील. म्हैसूरच्या राजवाड्यात तेवढी सव्वा तासात आत जातात.

एकदा कल्याण मंटपात एक आजी नातवाला सांगत होत्या, "बाळा, हात पाठीशी बांध बघू. बघायचं डोळ्यांनी." मुलगा हात मागे बांधून मान वर करून चालत राहिला आणि त्याला मोर आधी दिसले. मला त्या बाईंचा फार आदर वाटला. इतक्या गर्दीत एका नातवाच्या दोन हातांची काळजी त्या करत होत्या.

राजवाड्यापासून फार लांब नाही म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय, १८९२ पासूनचं. तिथेही वर्षाला तीस लाखांच्या घरात माणसं येतात. मंगळवारी बंद असतं, त्यामुळे उघड्या दिवसाला साडेनऊ हजारांच्या वर. वेळ नऊ तास. आता पन्नासातल्या फक्त एकाने वाघाला हाक मारली असं समजू. टाळी वाजवली, शीळ घातली, "ए, इकडे बघ" म्हटलं. उरलेले एकोणपन्नास जण शहाण्यासारखे गप्प राहिले. तरी दिवसाला १९० हाका होतात, दर तीन मिनिटांना एक. हाक मारणारा ती आयुष्यात एकदाच मारतो आणि हसत पुढच्या पिंजऱ्याकडे जातो. वाघाला मात्र पुढची हाक तीन मिनिटांवर असते, आणि ती दुसऱ्याच माणसाची असते. त्या वाघाने माणसांविषयी काय मत बनवावं?

वाघाची आणि यजमान गावाची अवस्था मला सारखीच वाटते. पाहुण्यांची बदनामी कशी होते हे इथे कळतं. आपण म्हणतो, बहुतेक लोक चांगलेच वागतात. ते शंभर टक्के खरं आहे. हजारात ९९९ जण सभ्य असतात असं धरून चाला. उरलेला एक भिंतीवर नाव कोरतो. राजवाड्याच्या तीस लाखांत असे तीन हजार झाले. दिवसाला आठ नावं. पन्नास वर्षांत दीड लाख.

आणि नाव कोरलं की ते राहतं. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने स्वतःचं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरवडली. शिकारीसाठी आलेला परदेशी माणूस. लेणी जगाच्या नजरेस आणून दिल्याचं श्रेय त्याला मिळतं, आणि चित्रावरचा तो ओरखडाही त्याचाच. दोनशे वर्षं उलटून गेली, तो अजून तिथे आहे. जे हजारो लोक काहीही न खरवडता निघून गेले त्यांची खूण कुठेच सापडणार नाही, कारण चांगल्या वागण्याची खूण उरतच नाही.

हे गणित देशाबाहेर नेलं की आणखी मोठं होतं. १९५० साली जगभरात परदेशी पर्यटकांच्या फेऱ्या अडीच कोटी होत्या. २०२४ मध्ये त्या १४० कोटींच्या घरात गेल्या. भारतातून १९९१ साली १९ लाखांच्या थोड्या वर लोक परदेशी गेले होते, २०२४ मध्ये तीन कोटींच्या वर. आता तोच हजारात एक लावून बघा. १९९१ मध्ये परदेशात वाईट वागणारे भारतीय दिवसाला पाचाहून थोडे जास्त, आज दिवसाला ८५. आपण पूर्वीपेक्षा वाईट झालेलो नाही. वागणं जसंच्या तसं धरलं, तरी यजमानाच्या डोळ्यांपुढे सोळापट प्रसंग येतात. समजा या तीस वर्षांत आपण चौपट सुधारलो, तरी आज दिवसाला २१ प्रसंग घडतील. म्हणजे चौपट चांगलं वागूनही नाव चौपट खराब. शिवाय १९९१ साली त्या पाच जणांकडे रोखलेला मोबाइल नव्हता. २०१९ च्या जुलैमध्ये बालीतल्या एका हॉटेलातल्या वस्तू एका भारतीय कुटुंबाच्या बॅगांतून बाहेर काढल्या जात असतानाचं चित्रीकरण जगभर फिरलं. एक कुटुंब, काही मिनिटं, आणि मान खाली गेली ती कोट्यवधींची. मला तेव्हा त्या कुटुंबावरच्या रागापेक्षा त्याच आठवड्यात बालीला उतरलेल्या बाकीच्या भारतीयांची काळजी जास्त वाटली.

चीनला हे आपल्या आधी भोगावं लागलं. २०१३ मध्ये इजिप्तच्या लक्सर मंदिरातल्या प्राचीन शिल्पावर एका चिनी मुलाने नाव कोरल्याचं उघड झालं आणि देशभर शरमेची लाट उठली. त्याच वर्षी तिथल्या सरकारी पर्यटन खात्याने परदेशी कसं वागावं याची ६४ पानी पुस्तिका काढली. ६४ पानांची चेष्टा बऱ्याच जणांनी केली. मला ती पुस्तिका मोठेपणाची वाटते. आपल्या माणसांची वागणूक ही आपली जबाबदारी आहे, असं एखाद्या देशाने छापून म्हणणं सोपं नसतं.

मराठी माणसाने म्हैसूरच्या मुलखात उभं राहून आणखी एक गोष्ट आठवायला हवी. ती पर्यटकांची नाही, पण परमुलखात गेलेल्या माणसांचीच आहे. १७९१ साली पेशव्यांची फौज टिपूविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने कर्नाटकात उतरली होती. रघुनाथराव पटवर्धनांच्या घोडदळाबरोबर असलेल्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, माणसं मारली, शारदेची मूर्तीही जागेवर राहिली नाही. शंकराचार्यांनी टिपूला कळवलं आणि टिपूने पुनःस्थापनेसाठी रोख रक्कम आणि धान्य देण्याचा हुकूम केला. त्या पत्रव्यवहाराचे कानडी कागद १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याच्या हाती लागले. फौज हजारोंची होती आणि पेंढारी म्हणजे त्या फौजेच्या मागे लुटीवर जगणारी टोळकी. पण शृंगेरीच्या आठवणीत टोळीचं नाव राहिलं नाही, मराठ्यांचं राहिलं. सव्वादोनशेहून जास्त वर्षं झाली, कर्नाटकात हा विषय अजून निघतो. यजमान कधीही टक्केवारी काढत नाही. तो पाहुण्याची भाषा लक्षात ठेवतो.

म्हैसूर शहरात उलट टोकाचे पाहुणेही भेटतात. महाराज कृष्णराज वडेयर चौथे यांच्या आश्रयाने योगगुरू टी. कृष्णमाचार्यांनी १९३३ पासून जगनमोहन राजवाड्यात योगशाळा चालवली. त्यांचे एक शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला आले आणि आपलेच झाले. दुसरे, पट्टाभी जोइस, म्हैसूरलाच राहिले. त्यांच्यामुळे गोकुलम् या साध्या वसाहतीत जगभरातले लोक अष्टांग योग शिकायला येऊ लागले, आणि अजून येतात. हे लोक महिना, दोन महिने, तीन महिने राहतात. घर भाड्याने घेतात, भाजी आणतात, रोज एकाच शहाळेवाल्याकडे जातात. तीन महिने राहणारा माणूस त्या शहाळेवाल्याला ९० वेळा तोंड दाखवतो. आज उर्मटपणे बोललं तर उद्या त्याच्यासमोरच उभं राहायचं असतं. आपली सहलीची बस सकाळी राजवाडा, दुपारी प्राणिसंग्रहालय, मग चामुंडी टेकडी आणि दिवेलागणीला वृंदावन गार्डन असं करून रात्री पुढच्या गावाला लागते. दिवसभरात वीस-पंचवीस स्थानिक माणसांशी गाठ पडते आणि त्यांतलं एकही तोंड पुन्हा दिसणार नसतं. घासाघीस करताना चढणारा आवाज, रांगेत घुसणारा खांदा, कानडी दुकानदाराला हिंदी येत नाही म्हणून त्याच्यावरच चिडणं, हे सगळं या पुन्हा न भेटण्यातून येतं. घरच्या गल्लीत हीच माणसं अशी वागत नाहीत.

म्हैसूरची स्वतःची बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती नऊ लाखांच्या थोडी वर होती. वस्तीच्या तिपटीहून जास्त पाहुणे एकट्या राजवाड्यात येतात. प्रत्येकाने एक बाटली, एक कागदी कप, एक पुडा मिळून ५० ग्रॅम कचरा टाकला तर १५० टन होतात. तरी हेच शहर २०१५ च्या स्वच्छता क्रमवारीत ४७६ शहरांत पहिलं आलं आणि २०१६ मध्ये ७३ शहरांत पुन्हा पहिलं. इथले सफाई कामगार, ज्यांना कर्नाटकात पौरकार्मिक म्हणतात, पहाटेच रस्त्यावर असतात. पाहुण्याला शहर स्वच्छ दिसतं, कारण तो उठायच्या आत कालच्या पाहुण्यांच्या खुणा गोळा झालेल्या असतात.

दसऱ्याला हे सगळं शिगेला पोचतं. १६१० साली श्रीरंगपट्टणला राजा वडेयर यांनी सुरू केलेला हा उत्सव. राजवाड्यावरचे सुमारे ९७,००० दिवे लागतात आणि विजयादशमीला ७५० किलोची सोन्याने मढवलेली अंबारी पाठीवर घेऊन हत्ती बन्नीमंटपापर्यंत पाच किलोमीटर चालतो. २०२० मध्ये हा मान अभिमन्यू नावाच्या हत्तीकडे आला. मिरवणुकीआधी कित्येक आठवडे हत्तींना शहरात आणून त्याच रस्त्यावरून फिरवतात, पाठीवर वाळूची पोती लादून वजनाची सवय करतात, तोफांचे आवाज ऐकवतात. बिथरू नये म्हणून केवढी ही तयारी! दुतर्फा उभ्या राहणाऱ्या लाखोंना मात्र कोणी काही शिकवत नाही. ते त्या दिवशी येतात, मोबाइल उंच धरतात, पुढे रेटतात, आणि रस्त्यातला सर्वांत समजूतदार जीव बहुधा अंबारीखालचाच असतो.

२०२३ मध्ये देशातल्या देशात झालेल्या पर्यटकांच्या भेटी २५० कोटी होत्या. हजारात एक या हिशोबाने त्यांतल्या २५ लाख भेटींत काहीतरी खरवडलं गेलं, फेकलं गेलं किंवा कुणाचा तरी अपमान झाला. म्हैसूरच्या वस्तीच्या अडीचपटीहून ही संख्या मोठी आहे. हजारात एकाऐवजी दोन हजारांत एक झालं, म्हणजे चाळीस-पन्नास जणांच्या दर चाळीस बसमागे दोन माणसांऐवजी एकच तसं वागलं, तर वर्षाला साडेबारा लाख प्रसंग घडणारच नाहीत.